पाऊस कार्डात समाविष्ट

पावसाच्या बाबतीत मुंबईच्या माणसाला कुणी शहाणपण शिकवू नये. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी सायनहून मुलुंडपर्यंत पाण्यातून चालत घरी आलो होतो. ही हकीकत मी लग्नांत सांगितली आहे, बारशांत सांगितली आहे आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं असतानाही सांगितली आहे. त्यामुळे म्युनिकच्या मेहुणीनं फोनवर "भाऊजी, जुलैत साल्झबुर्गला पाऊस असतो हं, तयारीनं या," असं म्हटलं तेव्हा मला हसू आलं. ऑस्ट्रियातल्या या साल्झबुर्गला वर्षभरात पडतो साधारण १२०० मिलिमीटर. त्यांचं बारा महिन्यांचं बजेट आमच्या सांताक्रूझनं एका दिवसात जवळपास उडवलं होतं.

फरक एवढाच की आमचा पाऊस रोख देऊन मोकळा होतो, त्यांचा हप्त्यानं देतो. वायव्येकडून आलेले ढग आल्प्सच्या उत्तर अंगाला अडतात, आणि ते जिथे अडतात नेमकं तिथेच पूर्वजांनी हे गाव वसवलं आहे. पाऊस बारीक, सरळ, एका लयीत, सकाळ नाही संध्याकाळ नाही. विजा नाहीत, गडगडाट नाही, 'आता बघ कसा कोसळतो' म्हणायची सोय नाही. गाड्या वेळेवर धावतात. कुणी ऑफिसातून लवकर निघत नाही. अशा पावसाला काडीचा अर्थ नाही.

त्यात साडू. जर्मनीत काही वर्षं काढलेला माणूस "वाईट हवामान असं काही नसतं, चुकीचे कपडे असतात" हे वाक्य पाठ केल्याशिवाय राहत नाही. तिथल्या लोकांचीच म्हण आहे ती. आमच्या साडूनं स्टेशनवर सोडताना ते दोनदा ऐकवलं. तो स्वतः मात्र पाऊस बघून म्युनिकलाच थांबला.

खरं तर मीही हॉटेलात पडून राहिलो असतो. पण मध्ये कार्ड आलं. साल्झबुर्गमध्ये पर्यटकांसाठी एक कार्ड मिळतं: एकदा पैसे भरले की किल्ला, म्युझियमं, डोंगरावरचा रोपवे, प्राणिसंग्रहालय, सगळीकडे एकेकदा प्रवेश, शिवाय बसप्रवास. आम्ही घेतलं ते ४८ तासांचं. पहिल्यांदा वापरलं की घड्याळ सुरू. आमची ही बँकेतून निवृत्त झालेली. तिनं प्रत्येक ठिकाणच्या तिकिटाची वेगवेगळी किंमत वहीत उतरवली, बेरीज केली आणि जाहीर केलं की चार ठिकाणं बघितली की मुद्दल निघतं, पुढचा सगळा नफा. आता पाऊसच काय, गारा पडल्या असत्या तरी माझी सुटका नव्हती.

पहिला होहेनसाल्झबुर्ग किल्ला. १०७७ मध्ये बांधायला घेतलेला, आणि वर जायला १८९२ पासूनची रेल्वे. वरून अख्खं शहर, नदी आणि आल्प्सच्या रांगा दिसतात असं सगळे सांगतात. आम्हाला कठडा दिसला. चांगला, भक्कम कठडा होता. कठड्यापलीकडे राखाडी रंग होता. त्या रंगासमोर उभं राहून आम्ही फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत चुलतभावाचा प्रश्न आला, "माळशेज का?" आतेबहिणीनं लिहिलं, "कणसं खाल्लीत की नाही?" काकांनी नुसता अंगठा दाखवला, पण ते सगळ्यालाच अंगठा दाखवतात.

तिथून संगीतकार मोत्सार्टचं जन्मघर. गेट्राइडेगासे नावाच्या अरुंद गल्लीत नऊ नंबरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, २७ जानेवारी १७५६ ला तो जन्मला. गावात भिजलेले जेवढे पर्यटक होते तेवढे त्या दिवशी संगीतप्रेमी झाले होते. त्याचं लहानपणीचं व्हायोलिन तिथे काचेत ठेवलेलं आहे आणि काचेबाहेर आमच्या रेनकोटांची वाफ. कुणी पुढे सरकेना. मी तर बापलेकांची पत्रं एकेक करून वाचली. मला जर्मन येत नाही.

त्याच गल्लीत छत्र्यांचं एक जुनं दुकान आहे. हातानं बनवलेल्या छत्र्या, लाकडी दांड्याच्या. मी एक उघडली. काय तिचा घेर, काय ती उघडतानाचा आवाज! किंमत युरोत वाचली, मनात शंभरानं गुणली आणि ज्या हळुवारपणे उघडली होती त्याहून हळुवारपणे मिटून जागेवर ठेवली. दादरच्या फूटपाथवरची माझी तीन घड्यांची छत्री तोवर एका काडीनं अधू झाली होती, पण तिच्याबद्दल मला एकदम माया वाटायला लागली.

पावसात भजी हवीत, हा आपला जन्मसिद्ध हक्क. साल्झबुर्गला तो हक्क बोस्ना नावाच्या पदार्थानं भागवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर एका बल्गेरियन माणसानं हा प्रकार इथे सुरू केला: पावात दोन सॉसेजेस, चिरलेला कांदा आणि वरून चक्क करी पावडर. एका इमारतीखालच्या बोळात लहानशी खिडकी, बसायला जागा नाही, रांग मोठी. पण बोळावर छप्पर! मी सावकाश खाल्लं, फारच सावकाश. ही शाकाहारी, ती तिथेच उभ्यानं दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती, आणि रांगेतल्या एका आजीबाईंची नजर बोस्नावरून ढळून चटणीवर गेलेली मी पाहिली.

या गावचा पाऊस उपभोगायची खरी जागा म्हणजे कॅफे. कॉफी लहानशा ट्रेमधून येते, शेजारी पाण्याचा ग्लास (बाहेर एवढं असताना). लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं असतात. एका कॉफीवर कितीही वेळ बसा, कुणी बिल आणून आपटत नाही. आसपासची मंडळी खिडकीबाहेर बघतसुद्धा नव्हती. पाऊस पडतोय, पडू दे. आपल्याला पुढच्या पानावर जायचंय. मला तिथेच राहायचं होतं. पेन्शनपुरती सोय झाली असती तर कायमचंच.

"कॅफेला कार्ड चालत नाही," ही म्हणाली आणि उठली.

रात्री हॉटेलात मोजे वाळवायचा प्रश्न. जुलै असल्यामुळे हीटर बंद. मग केस वाळवायच्या यंत्रावर एकेक मोजा चढवून फुगवत बसलो.

दुसऱ्या दिवशी उंटर्सबेर्ग. पंचवीस नंबरची बस, मग रोपवे, वरचं स्टेशन १७७६ मीटरवर. खाली ढग वरून पडत होता, वर आम्ही ढगाच्या आत. या डोंगराच्या पोटात सम्राट शार्लमेन शतकानुशतकं झोपलेला आहे अशी आख्यायिका आहे. त्या परिसरात कोरडा असलेला तो एकटाच. हिनं वहीत खूण केली आणि आम्ही पुढच्या पाळण्यानं खाली आलो.

परतीच्या वाटेवर हेलब्रुन. मार्कुस झिटिकुस हा १६१२ मध्ये साल्झबुर्गचा आर्चबिशप झाला. धर्मगुरू आणि राजा दोन्ही तोच, आणि स्वभावानं वात्रट. त्यानं गावाबाहेर हा मौजेचा महाल बांधला. दिवसापुरतं यायचं, म्हणून झोपायची खोलीच नाही. बागेत लपवलेली कारंजी. पाहुणे बोलवायचे, गप्पांत गुंतवायचे आणि एकदम भिजवायचे. पाण्याच्या जोरावर डोळे फिरवून जीभ काढणारा मुखवटा आहे, पाण्यावर शीळ घालणारे पक्षी आहेत, पाण्यावर चालणाऱ्या बाहुल्यांचं अख्खं गाव आहे. चारशे वर्षं झाली, लोक भिजायला येतात. आणि आता तिकीट काढून. तेही पावसात, रेनकोट घालून, रांग लावून! पाऊस असला तरी कारंजी बंद ठेवत नाहीत, हे मी दारावरच्या मुलीला मुद्दाम विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.

बागेत दगडी टेबल आणि भोवती दगडी स्टुलं. गाइडनं विचारलं, कोण बसणार? हिनं मला पुढे ढकललं आणि स्वतः टेबलाच्या टोकाच्या जागेवर जाऊन बसली. "तुम्ही बसा हो, नाहीतरी ओलेच आहात." गाइडनं कळ फिरवली आणि प्रत्येक स्टुलातून पाण्याची धार उसळली. वरून देवाचं, खालून आर्चबिशपचं. अंगावर जी काही एक-दोन कोरडी ठिकाणं मी दोन दिवस जिवापाड जपली होती, ती गेली. फक्त टोकाच्या आसनात भोक नाही, कारण ते स्वतः आर्चबिशपचं. माहितीपत्रक हिनं बसमध्येच वाचून ठेवलं होतं. तिनं व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकांनी अंगठ्याऐवजी शब्द लिहिले: "पुन्हा दाखव."

मी बुटातलं पाणी ओतत होतो, तेवढ्यात ही वही उघडून म्हणाली, "कार्डाचे अजून तास शिल्लक आहेत. प्राणिसंग्रहालय इथेच आहे."

होतंही तिथेच, भिंतीला लागून. आत सगळीकडे शुकशुकाट. माकडं आत, हरणं छपराखाली, जो तो आपापल्या कोरड्या जागी. पावसात उघड्यावर उभे असे आम्ही दोघंच. गोठ्याच्या दारातून एक गेंडा बराच वेळ आमच्याकडे टक लावून बघत राहिला. मला जरा अवघडल्यासारखं झालं.

"बघू दे त्याला," ही म्हणाली. "त्याला कुठे कार्ड लागतंय."