कोकमाच्या नावावर खपणारी गार्सिनिया

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा असतो: 'गार्सिनिया आणि ग्रीन कॉफीच्या कॅप्सूल घ्या. हे आपलं कोकमच! चरबी तयारच होऊ देत नाही. संशोधनाने सिद्ध, एफएसएसएआय मान्य. महिन्यात ८ किलो कमी. १०० टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.'

एकेक दावा घेऊ.

'हे आपलं कोकमच.' नव्हे. कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. कॅप्सूलमध्ये बहुधा असते ती गार्सिनिया कॅम्बोजिया, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. दोघींच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, एवढं नातं खरं. पण आमटीतली चार आमसुलं कुठे आणि रोज तीन वेळा घ्यायचा घट्ट अर्क कुठे? आणि आमसुलानं माणूस बारीक होत असता, तर रत्नागिरी-सावंतवाडीत ढेरी औषधालाही सापडली नसती.

'चरबी तयारच होऊ देत नाही.' यामागे थोडं विज्ञान आहे, म्हणून जरा थांबू. खाल्लेल्या पिष्टाची आणि साखरेची चरबी बनवताना शरीराला एटीपी सायट्रेट लायेझ नावाचं एन्झाइम लागतं. गार्सिनियातलं हे आम्ल त्याला अडवतं. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर ते दिसलेलं आहे. पण माणसाच्या अंगावर साठणारी चरबी बहुतांशी खाल्लेल्या तेला-तुपातूनच येते. रोजच्या मिश्र जेवणावर आपलं शरीर पिष्टापासून चरबी फारच थोडी बनवतं. म्हणजे नाकाबंदी लागली ती मुळात रहदारीच नसलेल्या रस्त्यावर.

'संशोधनाने सिद्ध.' संशोधन झालंय, पण त्याचा निकाल फॉरवर्डमध्ये नसतो. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त असलेली १३५ माणसं, १२ आठवडे. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आहार दोन्ही गटांना सारखाच, कमी उष्मांकाचा. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं. रिकामी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोंनी! संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फरक नाही.

खरी मेख इथेच आहे. रिकाम्या गोळीवरही चार किलो उतरतात, कारण काम आहार करतो. आपल्याकडेही बाटलीसोबत एक तक्ता येतो: साखर बंद, मैदा बंद, रात्री भात नको, रोज पाऊण तास चाला. मग वजन उतरल्याचं श्रेय बाटलीला कशावरून? शेजारच्या काकूंना 'फरक पडला' हे खोटं नसेलही. पण कॅप्सूल न घेता तोच तक्ता पाळला असता तर काय झालं असतं, हे त्यांनाही माहीत नाही. २०११ मध्ये अशा चाचण्यांची बेरीज करून पाहिली गेली, तेव्हा फरक निघाला सरासरी ०.८८ किलो. काटेकोर चाचण्यांत तोही उरला नाही.

ग्रीन कॉफीची, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांच्या अर्काची, गोष्ट तर आपल्या शेजारची. २०१२ साली तिनं वजन उतरतं असं सांगणारा जो निबंध जगभर गाजला, त्याची चाचणी बंगळुरूत झाली होती, अवघ्या १६ जणांवर. वजनाचे आकडे बदलले गेले आणि रिकामी गोळी कुणी कधी घेतली याचाही घोळ होता, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २०१४ मध्ये ठेवला. अर्क विकणाऱ्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, निबंध मागे घेतला गेला. तोवर अमेरिकी टीव्हीवरच्या डॉ. ऑझनी गार्सिनिया आणि ग्रीन कॉफी दोन्ही घराघरांत पोहोचवल्या होत्या. जून २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर त्यांची कानउघाडणी झाली. फॉरवर्ड मात्र अजून चालूच आहे.

'एफएसएसएआय मान्य.' एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण. बाटलीवरचा त्याचा १४ आकडी क्रमांक व्यवसायाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा. वजन उतरतं याचं ते प्रमाणपत्र नव्हे. उलट अशा पूरकांच्या (सप्लिमेंटच्या) लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. तेवढं बारीक अक्षर वाचा.

'महिन्यात ८ किलो.' साधं गणित करा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ८ किलोंसाठी रोज जवळपास २,००० कॅलरींची तूट हवी. अनेक बायकांचा दिवसभराचा आहारच तेवढा असतो. तरीही एखाद्या 'हर्बल' गोळीनं भूक अचानक मेली, छाती धडधडू लागली, तर जास्त काळजी करा. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०१० मध्ये बाजारातून गेलं, नंतर भारतातही बंद झालं. तरी लेबलवर नाव न टाकता ते अशा गोळ्यांत मिसळलेलं वारंवार सापडलं आहे.

'नैसर्गिक, म्हणून साइड इफेक्ट शून्य.' गार्सिनियाच्या पूरकांनंतर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. क्वचित यकृत बदलावंही लागलं आहे. प्रमाण कमी, पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. घरात कुणी घेत असेल आणि मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना बाटलीही न्या, कारण 'कुठलं औषध चालू आहे का' या प्रश्नाला ही माणसं 'नाही' असंच उत्तर देतात.