‘आधी दहा किलो, मग ऑपरेशन’ : खुलासा

‘हृदयाला छिद्र असलेल्या बाळाला भरपूर पाजा, वजन दहा किलो झाल्याशिवाय ऑपरेशन होत नाही’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि आईला उगाच अपराधी ठरवणाराही.

छिद्र लहान असेल तर बाळ बहुधा नेहमीसारखंच वाढतं. मोठं असेल तर फुफ्फुसांकडे जास्त रक्त जातं, श्वास जलद होतो आणि हृदयाला दुप्पट राबावं लागतं. असं बाळ दूध ओढायला लागतं, दोन-चार मिनिटांत कपाळावर घाम येतो, धाप लागते, आणि अर्धं पोट भरायच्या आतच ते झोपी जातं. भूक असते, दमच नसतो. निरोगी तान्ह्याला दिवसाला किलोमागे साधारण 100 ते 110 कॅलरी पुरतात. याला 120 ते 150 लागू शकतात. म्हणजे खर्च जास्त आणि जमा कमी. यात आईचं काय चुकलं?

उपाय आहेत: थोडं थोडं पण वारंवार पाजणं, काढलेल्या दुधात डॉक्टरांनी सांगितलेली पूरक पावडर, गरज पडली तर नाकातून नळी. डब्याचं दूध मनाने घट्ट करू नका, आणि वरचं पाणी तर नकोच.

राहिलं दहा किलोंचं. औषधं आणि आहार देऊनही वजन हलत नसेल, तर तेच ऑपरेशन लवकर करण्याचं कारण ठरतं. मोठी छिद्रं अनेकदा वयाच्या पहिल्या सहा महिन्यांतच, चार-पाच किलोंच्या बाळांमध्येही बंद केली जातात. वजन खरं भरायला लागतं ते त्यानंतर.