साधा आनंद : पूर्वतयारी आणि खर्च

फोटो काढण्यातला साधा आनंद हरवलाय आणि तो परत मिळवायचाय, असं तुम्ही ठरवलं असेल तर अभिनंदन. निदान झालं. आता औषध महागाचं घ्या, म्हणजे गुण येतो.

खिशातल्या फोनने फोटो काढणं आधी बंद करा. काहीतरी आवडलं, फोन काढला, टिपलं आणि पुढे निघालात, यात साधना कुठे आहे? साधेपणासाठी फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा लागतो. त्यावर ५० एमएमची प्राइम लेन्स. तिला झूम नसतो. जवळचं हवं असेल तर चार पावलं पुढे जायचं, असं जाणकार सांगतात. हे पटलं की लगेच दूरचं जवळ आणणारी १५०-६०० एमएमची झूम लेन्स पण घेऊन टाका, कारण फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात उभे असतात आणि तिथे चार पावलं पुढे जाता येत नाही.

फ्लेमिंगो ठाणे-नवी मुंबईकराला चुकवता येत नाहीत. २०१५ साली ठाणे खाडीचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. कॅप्शनमध्ये टाकायला दोन सालं आयती मिळाली. ऐरोलीहून बोट सुटते ती भरती-ओहोटी पाहून. तुम्ही मात्र सोनेरी उजेडाची वेळ पाहून जा आणि वेळापत्रक चुकीचं आहे म्हणून तिथल्या माणसाशी हुज्जत घाला. भरतीला पक्षी नेरूळच्या तळ्यांकडे गेलेले असले तर तुम्हीही तिकडे पळा. शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे ते गुलाबी होतात. तुमच्या फोटोत सॅच्युरेशनची, म्हणजे रंग गडद करायची, पट्टी सरकवून होतील. (उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवून पक्षी उठवणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे उपरोध शिल्लक नाही. त्यांना चिखलातच उतरवावं.)

बोटीत एखाद्या आजी नातवाच्या फोनवर फोटो काढत असतील. फोटोत अर्ध्याहून जास्त त्यांचा अंगठा. तरी त्या शेजारणीला दाखवून हसत असतात, "अगं, केवढे आलेत बघ!" त्यांना हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) म्हणजे काय ते ठाऊक नाही, हे मनात धरा आणि ट्रायपॉड हलला म्हणून जरा रागाने बघा.

गुढीपाडव्याला ठाण्याची शोभायात्रा चुकवू नका. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बाईंसमोर इतके फोटोग्राफर असतात की प्रत्येकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याची लेन्स येते. त्याला 'स्ट्रीट फोटोग्राफी' म्हणायचं. कृष्णधवल केलं की बाईंच्या शालूचा रंग विचारायला कोणी येत नाही.

एवढं करूनही आनंद झाला नाही, तर फिल्मकडे वळा. एका रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे माणूस विचार करून बटण दाबतो म्हणे. तुम्ही इतका विचार करा की मासुंदा तलावाच्या काठावर संध्याकाळ संपेल आणि रोल तसाच राहील. धुऊन आणलाच, तर स्कॅन करा, फोनवर घ्या आणि इन्स्टाग्रामवर टाका. फिल्मचे दाणे कमी दिसत असतील तर ते चढवणारं अ‍ॅप आहे.

मग घरात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन येतं आणि सगळे तुमच्याकडे बघतात. घाबरू नका. १५०-६०० लावून गॅलरीच्या कठड्याला टेकलात, तरी आजोबांचा चष्मा तेवढा फ्रेममध्ये मावेल. पन्नासची लेन्स शोधेपर्यंत औक्षण उरकतं. फोटो भाच्याने फोनवर काढलेला असतो. त्यात आजोबा मान मागे टाकून हसतायत, पाठीमागे आत्याचा हात तेवढा आलाय. सगळे तो मागून घेतायत. निरांजनांचे हायलाइट पार उडालेत, ज्योतींच्या जागी नुसते पांढरे डाग आहेत, हे भाच्याला तिथेच, सगळ्यांसमोर सांगा. आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची, आहे का, तेही विचारा.