श्रीखंडाच्या डब्याएवढ्या पाण्यात मासा विकता?

काल परत त्या शोभेच्या माशांच्या दुकानात भांडून आले. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होईना.

गेले होते फिल्टरचा स्पंज आणायला. काउंटरवर नेहमीसारखी फायटर माशांची रांग, एकेका प्लास्टिकच्या डबीत एकेक मासा. अर्धा किलो श्रीखंडाचा डबा असतो ना, तेवढीच डबी. शेवटून दुसऱ्या डबीतला निळा फायटर तळाशी आडवा पडला होता. शेपटीच्या कडा कुजून चिंध्या झाल्या होत्या, कल्ले भराभर हलत होते. श्वास घ्यायला वर यायला धडपडायचा, अर्ध्यावर पोचायचा आणि परत खाली बसायचा. चार बोटांचं अंतर, तेही त्याला कापवत नव्हतं.

"दादा, हा मरतोय," म्हटलं. तर म्हणतो, "फायटर आळशीच असतो ताई. त्याला जागा लागतच नाही."

लागत नाही कोण म्हणालं? फायटरला पाण्यावरची हवा घेता येते, म्हणून घाण पाण्यात तो बाकीच्या माशांपेक्षा जास्त दिवस तग धरतो, एवढंच. त्याच्या चिवटपणावर तुमचा गल्ला भरतोय. तो थायलंडकडच्या भातखाचरांतला मासा, २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. खाचरातलं पाणी उथळ असतं म्हणून डबी चालते, असं मला हेच दुकानदार ऐकवतात. अहो, खाचर उथळ असतं पण केवढं पसरलेलं असतं!

हे बोलणं चालू असताना एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला गोल्डफिश हवा होता. दुकानदाराने लगेच काचेचा गोल बाऊल काढला, दोन-अडीच लिटरचा असेल. तळाला रंगीत खडे आणि एक प्लास्टिकचं झाड. त्यात दोन गोल्डफिश. "आठ दिवसांनी सगळं पाणी बदलायचं, बास." फिल्टरचं नाव नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनबद्दल एक अक्षर नाही.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, आणि अमोनिया म्हणजे त्याच्यासाठी विष. मोठ्या टाकीत फिल्टरवर जिवाणू वाढतात आणि त्या विषाचा निचरा करतात. पण ते जमायला चार-सहा आठवडे लागतात. दोन लिटरच्या बाऊलमध्ये ना फिल्टर, ना जिवाणू, आणि दर आठवड्याला सगळं ओतून परत कोरं नळाचं पाणी. त्यातून गोल्डफिश हा भरपूर खाणारा, भरपूर घाण करणारा मासा! माझ्याकडचा गोल्डफिश आठ वर्षांचा आहे, शेपटीसकट माझ्या तळहाताएवढा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत राहतो, म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाणी. "टाकी लहान असली की मासा लहानच राहतो," हे तर प्रत्येक दुकानात ऐकलंय. लहान राहत नाही हो, खुंटतो आणि मरतो.

आणि मेला की काय सांगतात? ज्याने माझं सगळ्यात जास्त पित्त खवळतं ते हे. "घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं." माझ्या मावशीला एका दुकानदाराने हे तीन वेळा सांगितलं. ती बिचारी तिन्ही वेळा हात जोडून आली आणि तिन्ही वेळा नवा मासा घेऊन गेली. शेवटी म्हणाली, "आम्हाला मासे लाभतच नाहीत गं." लाभत नाहीत! तिने सकाळ-संध्याकाळ प्रेमाने दाणे घातले, पाणी बदललं, दुकानदाराने सांगितलं ते सगळं केलं. आणि दोष तिच्या नशिबाचा? बाऊल विकणाऱ्याचा नाही?

मी त्या गृहस्थांना सांगितलं, हे मासे यात जगणार नाहीत, निदान फिल्टर आणि मोठी टाकी घ्या. ते खरंच विचारात पडले होते. तेवढ्यात दुकानदार ओरडला, "ताई, गिऱ्हाईक तोडू नका! कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

लिहिलंय. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम ११. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या अपुऱ्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात कोंडणं गुन्हा आहे. "मासा काय प्राणी आहे का?" म्हणून तो हसला. त्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव प्राणी आहे. पण तो का हसणार नाही? पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! त्याचे रंगीत खडे त्याहून महाग आहेत. २०१७ साली केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले होते, बाऊलमध्ये मासे ठेवायला सरळ मनाई होती. व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि नियम मागे घेतले गेले. तिकडे रोम शहराने २००५ सालीच गोल बाऊलवर बंदी घातली.

मी काही दुकानं बंद करा म्हणत नाही. मीही तिथूनच दाणे आणते, औषध आणते. पण बाऊल शेल्फवरून उतरवा. फायटरला निदान वीस लिटरची टाकी सांगा. गिऱ्हाईकाला खरं सांगून दोन हजारांची टाकी विकलीत तर तुमचाच फायदा आहे. आणि ज्याला ती परवडत नाही, त्याला मासा देऊ नका. एवढं साधं आहे हे!

मुलगा रडायला लागला आणि त्या गृहस्थांनी बाऊल घेतला. पोरगं स्कूटरवर पुढे उभं राहिलं, दोन्ही हातांत माशांची पिशवी घट्ट धरून. इतकं खूश होतं की माझ्या घशाशी आवंढा आला.

तो निळा फायटर मी विकत घेतला नाही. आपण घेतला की त्या जागी दुसरा येतो, म्हणून मन घट्ट करून निघाले. रात्रभर तो डोळ्यांसमोरून हलला नाही. आज सकाळी ऑफिसला जाताना मुद्दाम डोकावले. शेवटून दुसरी डबी धुऊन परत तिथेच ठेवली होती, आत लाल फायटर.