‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हणजे दुखत नाही असं नाही

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: ‘आपल्या आज्या आठ-दहा बाळंतपणं करून पहाटे जात्यावर बसायच्या, कधी कण्हल्या नाहीत. आजच्या मुली पाळी आली की अंथरूण धरतात. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, तरी दुखतंय म्हणतात, आणि डॉक्टर ऐकत नाहीत म्हणून दवाखाने बदलत फिरतात. हे दुखणं पोटात नाही, डोक्यात आहे. लग्न होऊन एक मूल झालं की आपोआप थांबतं. घरकाम करा, व्यायाम करा.’ खाली ‘पटल्यास पुढे पाठवा’.

माझी भाची १६ वर्षांची आहे. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत तिला उलट्या होतात, दर महिन्याला कॉलेज बुडतं. तिनेही हा मेसेज वाचला आणि रात्री मला फोन केला. “मावशी, म्हणजे मी नाटक करते का गं?” तिच्यासाठी हे लिहितेय. मला एन्डोमेट्रिओसिस आहे. दुखतंय म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांसमोर बसले तेव्हा मी १७ वर्षांची होते. आजाराला नाव मिळालं तेव्हा २६ वर्षांची.

‘सोनोग्राफी नॉर्मल’ या शब्दांनी माझी ती नऊ वर्षं खाल्ली, म्हणून आधी तेच घेते. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, त्याच्यासारखी ऊती या आजारात गर्भाशयाबाहेर वाढते. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर. अंडाशयात तिची गाठ झाली, जिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, तर ती सोनोग्राफीत सहसा दिसते. पण पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर जे लहान लहान ठिपके असतात ते साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. आणि ठिपके थोडे म्हणजे दुखणं थोडं, असाही हिशोब नाही. आजार किती पसरलाय आणि किती दुखतंय यांचा एकमेकांशी फारसा मेळ बसत नाही. म्हणजे तो नॉर्मल रिपोर्ट खोटा नव्हता. गाठ आहे का, एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर होतं. ‘हिला दुखतंय का?’ हे त्या मशीनला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारूनही त्याला सांगता आलं नसतं.

याची उलटी बाजूही बघा. २०१५ साली पाठीच्या स्कॅनच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातली माणसं पाठ अजिबात दुखत नसलेली, एकूण ३,११० जणं. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्यांत ९६ टक्के. स्कॅनमध्ये दोष आणि दुखणं शून्य. हे आपल्याला पटतं. मग स्कॅन स्वच्छ आणि दुखणं मात्र आहे, हे का पटू नये?

आता आज्या. त्या कण्हल्या नाहीत, हे कुणी ठरवलं? गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. सासुरवास, कष्ट, माहेरची आठवण, जिवाचं दुखणं, सगळं त्यांत आहे. घरातली माणसं झोपलेली असताना बायका हे जात्याला सांगत होत्या. माझी आजी पाळीत बाजूला बसायची, तेव्हा तिचा चेहरा बघायला तरी कोण जात होतं? ते तीन दिवस तिला कामापासून सुटी मिळायची आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, हे आईनेच मला सांगितलंय. तिला काय होतं हे आता कळणार नाही. पण ‘काही नव्हतं’ असं म्हणायची माझी तयारी नाही.

‘लग्न होऊन मूल झालं की थांबतं.’ हे वाक्य मी घरात ऐकलं, शेजारी ऐकलं, आणि एका दवाखान्यात प्रत्यक्ष डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं, “स्थळं बघताय का?” मी शेजारच्या खुर्चीत ओटीपोटावर पर्स दाबून बसले होते. युरोपातल्या ‘एशरे’ या तज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की केवळ या आजारावर उपचार म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो, काहींना तोही नाही. शिवाय या आजारात अनेकींना दिवस राहायलाच अडचण येते. अशा मुलीला ‘मूल हेच औषध’ म्हणून सांगणं किती क्रूर आहे, हे पुढे पाठवणाऱ्यांच्या लक्षातही येत नसेल.

आणि मूल होऊनही थांबलं नाही तर आपल्याकडे पुढचा सल्ला तयार असतो: पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, आणि त्यांतल्या अनेकी चाळिशीच्या आतल्या. पोट दुखतंय, अंगावरून जातंय, एवढ्याच तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, त्यामुळे पुन्हा पुन्हा दवाखान्यात जाणं परवडत नाही. कुणी कॅन्सरची भीती घातली. नीट ऐकून घेतलं असतं तर यातल्या कितीतरी जणी गोळ्यांनी बऱ्या झाल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. न ऐकण्याचे हे दोन प्रकार आहेत. शहरात मला काही झालेलंच नाही म्हणून घरी पाठवलं, तिकडे बायकांना सरळ टेबलावर घेतलं. आणि एन्डोमेट्रिओसिस असेल तर पिशवी काढूनही दुखणं थांबेलच याची खात्री नसते, कारण आजार मुळात पिशवीच्या बाहेरचा आहे.

‘डोक्यात आहे.’ इथे मला जरा थांबायचंय, कारण यात एक खरी गोष्ट अगदी चुकीच्या पद्धतीने सांगितली जाते. दुखणं मेंदूपर्यंत पोहोचल्याशिवाय कुणालाच जाणवत नाही, बोट कापलं तरी. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी प्रयोगातून दाखवलं की दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या नसा जास्त संवेदनशील होतात. दुखण्याचा आवाज वाढवून ठेवल्यासारखं होतं, मग साधा स्पर्शही बोचतो. म्हणूनच वर्षानुवर्षं दुखत राहिलेलं पोट ऑपरेशननंतरही कधी कधी दुखत राहतं. ही शरीरातली घडामोड आहे, स्वभावातला दोष नाही. डॉक्टरांनी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन लिहून दिलं आणि इंटरनेटवर ‘नैराश्याची गोळी’ असं वाचून तुम्ही चिठ्ठी फाडली असेल, तर मी तुमच्या जागी होते. नसांच्या दुखण्यावर ती गोळी वेगळ्या कारणासाठी देतात. हे एका वाक्यात मला समजावलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. दुखण्याने माणूस खचतो, त्यासाठी मदत घ्यावी, मीही घेतली. पण खचणं नंतर आलं, आधी दुखणं आलं होतं.

आयएएसपी या दुखण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली दुखण्याची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपांत म्हटलंय की माणूस आपल्याला दुखतंय असं सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा आदर राखावा. जगातल्या तज्ज्ञांना हे लिहून ठेवावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

व्यायामाचं मात्र खरं आहे. मला रोजच्या चालण्याने फरक पडला. पण तो हळूहळू, झेपेल तसा वाढवलेला व्यायाम होता. उलट्या होत असताना ‘उठ आणि फरशी पूस’ याला व्यायाम म्हणत नाहीत.

राहिलं दवाखाने बदलणं. मी सहा बदलले. हौस म्हणून नाही. सगळे डॉक्टर वाईट नव्हते, बाहेर रांग होती आणि त्यांच्या हातात वेळ नव्हता. ६७ देशांतल्या माहितीचा एक आढावा २०१७ साली आला होता. त्यात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात ते होतं: स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. पाळीत संडासला बसताना कळ येते, हे सांगायला धीर गोळा करावा लागतो, आणि तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं जातं.

सातव्या डॉक्टरीणबाईंकडे मी कालनिर्णय घेऊन गेले. आमच्या स्वयंपाकघरातलं, दुधाचे खाडे लिहिलेलं. त्याच चौकोनांत मी लाल पेनाने खुणा केल्या होत्या: एक टिंब म्हणजे दुखलं, दोन म्हणजे गोळी घेतली, तीन म्हणजे उठता आलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि जानेवारीपासून एकेक पान उलटलं. ऑगस्टवर थांबून विचारलं, “ही तीन टिंबं पाळीच्या आधीच सुरू होतात का?” नऊ वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला गेला होता. उत्तर देताना मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं, आणि पुढचं पान उलटलं. नाव त्या दिवशी सापडलं, दुर्बिणीतून खात्री नंतर झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे, पाळीच्या वयातल्या दहांमागे एक. तुमच्या ग्रुपवर किती जणी आहेत ते मोजून बघा.

भाचीला येत्या मंगळवारी त्याच बाईंकडे नेतेय. ताईने आधी आढेवेढे घेतले, आता तीही येणार आहे. भाचीने भिंतीवरून कालनिर्णय काढून बॅगेत ठेवलंय. त्यात चार महिन्यांच्या खुणा आहेत, निळ्या पेनाने केलेल्या.