'ओपन वॉटर' हे खरं चित्रीकरण नाही!

मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलेल्या एका फॉरवर्डमुळे भाचीने तारकर्लीचं स्कूबाचं बुकिंग रद्द केलं. फॉरवर्ड म्हणतो: 'ओपन वॉटर' हा सिनेमा म्हणजे शार्कच्या पोटात सापडलेल्या कॅमेऱ्यातलं खरं चित्रीकरण, त्यात बोट मागे सोडून गेल्याने समुद्रात अडकलेल्या नवरा-बायकोला शार्कने खरंच खाल्लं, सिनेमा सपशेल पडला, तेव्हा समुद्रात उतरूच नका.

आधी तो कॅमेरा. शेवटची नामावली चालू असताना शार्कचं पोट फाडतात आणि कॅमेरा निघतो, हा प्रसंग सिनेमातलाच आहे! पाण्यात दोघंच, मग दोघांना एका चौकटीत टिपत कोण होतं? आणि आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत? ब्लँचर्ड रायन आणि डॅनियल ट्रॅव्हिस हे नट आहेत. दिग्दर्शक ख्रिस केंटिस आणि त्याची निर्माती बायको लॉरा लाऊ यांनी बहामाजच्या समुद्रात, सुट्ट्या गाठून, डिजिटल कॅमेऱ्यावर हे उभं केलं. शार्क मात्र खरे होते, एवढं मान्य. माशांचे तुकडे टाकून त्यांना जवळ आणलं होतं आणि नटांच्या वेटसूटखाली (पाणबुड्यांचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) स्टीलच्या कड्यांची जाळी होती.

सिनेमा पडला? २००४ साली सनडान्स या अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवात तो २५ लाख डॉलरला विकला गेला आणि जगभरात ५ कोटी डॉलरच्या वर कमावून बसला. पुढे.

सिनेमाला खऱ्या घटनेचा आधार आहे, हेही खरं. जानेवारी १९९८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर स्कूबासाठी पाण्यात उतरलेल्या टॉम आणि आयलीन लोनर्गन या नवरा-बायकोला मागे सोडून बोट निघून गेली. माणसं मोजण्यात चूक झाली होती. बोटीवर त्यांची बॅग तशीच पडलेली दिसली तेव्हा दोन दिवस उलटले होते! पाण्याखाली लिहायच्या पाटीवर त्यांनी लिहिलेली मदतीची हाक नंतर सापडली, मृतदेह कधीच नाहीत. म्हणजे शार्कने खाल्लं हे कुणी पाहिलेलं नाही. त्यांचा घात केला तो चुकलेल्या मोजणीने.

फ्लोरिडातली आंतरराष्ट्रीय शार्क हल्ला नोंद पाहा: २०२२मध्ये माणसाने डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या घटना जगभरात ५७, त्यांत मृत्यू ५. त्याच वर्षी मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तिथे शार्कचा काय संबंध? भाचीने पुन्हा बुकिंग करावं आणि बोटीत पाय ठेवण्याआधी विचारावं: किती माणसं घेताय, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, आणि परत निघताना माणसं मोजणार कोण?