आता हळहळायला येऊ नका

कालपासून फोन हातात घ्यायची सोय राहिलेली नाही. "ऐकून फार वाईट वाटलं." "दादांना सांगा, खचू नका." "मराठी प्रेक्षकच दळभद्री, दुसरं काय." खाली हात जोडलेले, रडकी तोंडं, तुटलेली हृदयं. अहो पण होतात कुठे तुम्ही? मे महिनाभर दर शनिवार-रविवार दुपारी साडेचारला आमच्या दादाचा बोलक्या बाहुल्यांचा प्रयोग लागणार होता, महिन्याच्या मध्यावरच गाशा गुंडाळावा लागला, आणि तिकीटखिडकीवर मीच बसत होते त्यामुळे कोण आलं आणि कोण फिरकलं नाही हे मला तोंडपाठ आहे. आज सगळ्यात मोठा गळा काढणाऱ्यांपैकी निम्म्यांची तोंडं मी खिडकीतून एकदाही बघितलेली नाहीत. उरलेल्या निम्म्यांनी पास नेले.

आणि रविवारी बंद होतंय म्हटल्यावर बघा कशी गर्दी जमली. जिवंतपणी पाणी विचारलं नाही आणि दहाव्याला पंगतीत पहिला पाट, तसला प्रकार. "शेवटचा आहे ना, मग चार पास ठेवा की ताई." शेवटचा आहे म्हणून पास? शेवटचा का आहे ते डोक्यात शिरतंय का?

प्रयोग संपला. दादा घामाने निथळत रंगपटात आला. बाहुल्याचा जबडा मध्यंतरापासून अडकत होता, आतली दोरी ढिली झाली होती, म्हणून तो त्याला मांडीवर पालथा घालून पाठ उघडून बसला होता, दातात स्क्रू धरलेला. तेवढ्यात दारात ही रांग. एक काका आले, खांद्यावर हात ठेवला, "वाईट वाटून घेऊ नका, कला मरत नसते" म्हणाले आणि चहा कुठे मिळेल ते मला विचारलं. त्यांच्यामागे एक बाई, मोबाईल आधीच पुढे धरलेला. "दादा, एक मिनिट, याला जरा रडायला लावा ना. शेवटचा प्रयोग म्हणून रील करते. तुमचीच पब्लिसिटी होईल."

मी तिथेच होते. माझ्या हातात त्या वेळी गल्ल्याची पेटी होती हे त्या बाईचं नशीब.

दादाने काय करावं? तोंडातला स्क्रू काढला, पाठ बंद केली, हात आत घातला, बाहुल्याला गुडघ्यावर नीट बसवलं. जबडा अर्धाच उघडत होता तरी त्याने त्याला हुंदका द्यायला लावला, मान खाली घातली, मग हळूच वर करून बाहुला म्हणाला, "ताई, तुम्ही रडू नका हां, मी येईन परत." बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अय्या, मागे ट्यूबलाइट आली, परत घेऊया का?" परत! आणि त्याने परत केलं! तोच हुंदका, तीच मान, तेच वाक्य. ज्या माणसाचं महिनाभराचं काम त्या दिवशी बुडलं, तो आला-गेलेल्यांचं सांत्वन करत बसला आणि तेही रिटेकसकट. रात्री ती रील सगळ्या ग्रुपवर फिरली, वर लिहिलेलं "कला जगवा". बाई पासावर आल्या होत्या. चार पास, तिसरी रांग, कारण पाचवीतून लहान मुलाला दिसत नाही.

तुम्हाला कल्पना आहे का नाट्यगृहाचं भाडं कसं असतं? सभागृहात चाळीस माणसं असोत नाहीतर चारशे, भाडं तेवढंच. वर लाइट, माइक, टेम्पो, बाहुल्यांच्या पेट्या उचलणारी दोन पोरं, डोअरकीपर. एसी सुरू होईतो अर्धा प्रयोग झालेला असतो आणि डासांना तिकीट लागत नाही. बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल मी लिहायला बसले तर दुसरा लेख होईल, त्या दाराची कडी कुणीतरी कधीतरी लावा एवढंच म्हणते. हे सगळं सहन करायची आमची तयारी होती हो. पण खिडकीशी येऊन "लहान मुलाला अर्धं तिकीट नाही?" विचारणारे, "तो मांडीवर बसेल" म्हणून चांगल्या दहा वर्षांच्या घोड्याला आत घुसवणारे, आणि तिथून मॉलमध्ये जाऊन तिकिटापेक्षा महाग पॉपकॉर्न घेणारे आईबाप मला सहन होत नाहीत. मला भयंकर राग येतो, मी तो लपवत नाही, दादा मला "हळू बोल" म्हणून दटावतो तरी लपवत नाही.

आणि ते पहिल्या रांगेतले तज्ज्ञ! मोबाईलचा कॅमेरा झूम करून दादाच्या ओठांवर रोखून बसतात आणि मध्यंतरात येऊन सांगतात, "दोनदा ओठ हलले बरं का." अहो, आरशासमोर उभे राहा, दात अलगद टेकवा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि न हलवता म्हणून दाखवा, "बाबांनी पोपट पाळला." प फ ब भ म हे सगळे ओठ मिटल्याशिवाय निघतच नाहीत. शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारा, ते जिभेवर काढतो, वरच्या दातांमागे जीभ दाबून ब चा भास निर्माण करतो आणि तुमच्या कानाला फसवतो. याला वर्षं लागतात. लिहिलेल्या संवादात अवघड शब्द टाळता येतात, पण परवा एक चिमुरडी स्टेजवर आली, आईला चिकटूनच, कुणाशी बोलेना. बाहुल्याने नाव विचारलं तर त्याच्या कानात जाऊन म्हणाली, "भूमी." भ आणि म, दोन्ही एकाच नावात! आणि बाहुला लगेच मोठ्याने म्हणाला "भूमी!", स्वच्छ, दादाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पोरगी एवढी खूश की पुढची पाच मिनिटं शाळेतलं सगळं त्या लाकडाला सांगत बसली. आणि त्याच वेळी झूमवाले साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हां बोल, नाही रे, बाहुल्यांचं काहीतरी चालूय."

मग उठसूट "यात अर्धवटराव आहे का?" नाहीये. अर्धवटराव यशवंत पाध्यांनी घडवला, रामदास पाध्यांनी देशभर पोचवला, आता सत्यजित पाध्ये म्हणजे तिसरी पिढी ते काम करतेय, त्या बाहुल्याने शंभरी ओलांडली. आमचा दादा त्यांचं नाव काढताना कानाची पाळी धरतो. पण म्हणून महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी बाहुला हातात घेतला की त्याला "हा तात्या विंचू का?" विचारायचं? १९९३ साली पिक्चर आला, आजही प्रत्येक प्रयोगाला मागच्या रांगेतून कुणीतरी तोच डायलॉग ओरडणार. दादाने स्वतः कोरलेल्या बाहुल्याला त्याचं स्वतःचं नाव आहे, ते पोस्टरवर मोठ्या अक्षरात होतं, एकाने वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

काल एका सुशिक्षित हितचिंतकाचा लांबलचक मेसेज. न्यूयॉर्कला २००६ मध्ये जे जॉन्सन या अमेरिकन शब्दभ्रमकाराचा 'द टू अँड ओन्ली' हा खेळ ब्रॉडवेवर लागला आणि दोन महिन्यांत बंद झाला, तरी पुढच्या वर्षी त्याला टोनी हा तिकडचा नाटकांचा मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा दादांनी निराश होऊ नये. माहिती बरोबर आहे. सप्टेंबरअखेर लागला, नोव्हेंबर संपायच्या आत उतरला, आणि टोनी मिळाला २००७ च्या जूनमध्ये, तोवर त्या थिएटरमधून त्याचे गिधाड, माकड, सगळे बाहुले पेटीत जाऊन कित्येक महिने झाले होते. हे दिलासा द्यायला सांगताय? तो माणूस सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टीव्हीवर बॉब नावाचा बाहुला घेऊन घराघरात पोचलेला, थिएटर ब्रॉडवेतलं सगळ्यात लहान, सहाशेच्या आतबाहेर खुर्च्या, आणि त्याचाही प्रयोग टिकला नाही. मला यातून एवढंच कळलं की तिकडेही लोक खेळ उतरल्यावर टाळ्या वाजवतात. पुरस्काराने मागच्या तारखांची भाडी फिटत नाहीत हो.

आणि "यूट्यूब चॅनल काढा" म्हणणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नका. भूमी फोनच्या काचेला कानात नाव सांगणार आहे का? बाहुला समोर बसलेल्या माणसाकडे मान वळवतो, त्याच्या टकलावर बोलतो, उशिरा येणाऱ्याला दारातच पकडतो, तेव्हा तो जिवंत होतो. त्यासाठी समोर माणूस लागतो. खुर्चीत. तिकीट काढून.

दादाला राग येत नाही, हीच माझी खरी अडचण आहे. तो सगळ्यांना एकेक करून उत्तर देतोय, "तुमचं प्रेम आहे, हेच खूप." पहाटेपर्यंत उत्तरं देत होता. पेट्या हॉलमध्येच पडल्यात, टेम्पोवाल्याला पैसे द्यायचेत, पाठ धरलीये, आणि हा माणूस लोकांना धीर देतोय की काळजी करू नका. मी म्हटलं फोन दे इकडे, तर देत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत परत लावायचं म्हणतोय तो. लावू. हॉलची तारीख मी उद्याच विचारून येते. पण या वेळी पासचं पुस्तक छापणार नाहीये, सख्ख्या मामालासुद्धा नाही, आणि ज्यांनी ज्यांनी कालपासून रडकी तोंडं पाठवलीत त्या सगळ्यांचे नंबर मी वेगळे लिहून ठेवलेत. बुकिंग उघडलं की पहिला फोन तुम्हाला. पैसे आधी पाठवायचे, मग रांग सांगायची.